कुठून आणि कुठे



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. पंच्याहत्तरी जवळ आली तरी नातवाने शिकवलेले लिनक्स मी सोडलेले नाही. घरात दोन संगणक, एक वरच्या मजल्यावर, एक खाली. वरचे फोल्डर खालच्या संगणकाला जोडायला 'माउंट' ही आज्ञा द्यावी लागते. आधी वरच्या संगणकाचा पत्ता, मग खालच्या फोल्डरचे नाव. उलटे लिहिले की 'असा माउंट पॉइंट अस्तित्वात नाही' असे इंग्रजीत उत्तर येते.

आम्ही जन्मभर वर्गात शिकवले, 'रामाने रावणाला मारले' म्हणा की 'रावणाला रामाने मारले' म्हणा, अर्थ तोच. 'ने' आणि 'ला' शाबूत असले की झाले. इंग्रजीत मात्र मारणारा कोण हे जागेवरून ठरते. ह्या आज्ञा त्याच वळणाच्या.

एनएफएसच्या पत्त्यात निदान संगणकाच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबे असतात. त्यावरून दूरचे कोणते ते डोळ्यांना कळते. पण फोल्डर एकदा जोडले की दोन्ही नावे घरचीच दिसतात, खूण उरत नाही. खरा धोका तिथे आहे.

गेल्या दिवाळीत खालचे फोटो 'आरसिंक'ने वर पाठवायला बसलो. 'डिलीट' हा पर्याय लावलेला, आणि दोन नावांची अदलाबदल झाली. वरचे फोल्डर रिकामे होते, म्हणून खालचेही रिकामे झाले. शाळेतल्या निरोपसमारंभांचे ३१ वर्षांचे फोटो, एका शब्दाने न विचारता गेले. काही जुन्या विद्यार्थ्यांकडून परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच.

नातू म्हणतो, "आजोबा, सवयीचा प्रश्न आहे." मला हे पटत नाही. 'डीडी' ही जुनी आज्ञा बघा. तिच्यात 'आयएफ' लिहून कुठून आणि 'ओएफ' लिहून कुठे ते सांगायचे, मग क्रम कोणताही चालतो. हे विभक्तीचे प्रत्ययच की! जिच्यामुळे काही पुसले जाऊ शकते अशा प्रत्येक आज्ञेला असे प्रत्यय हवेत. चार अक्षरे जास्त टंकावी लागली तर बिघडले कुठे?

औंढ्याला नामदेवांसाठी देऊळ फिरले, असे आम्ही हिंगोलीकर सांगतो. संगणक कोणासाठी फिरत नाही. म्हणून हल्ली एंटर दाबण्याआधी मी मोठ्याने वाचतो, "ह्यातून, ह्यात." घरचे हसतात. हसू देत.

असो. तुमचे काय मत?