तात्यासाहेबांचा धडा

ऑक्टोबर 2025 मध्ये साने ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या आणि त्यांच्या कडव्या परंपरावादाची चर्चा आपल्याकडेही रंगली. परंपरा मानणाऱ्या राजकारण्याला जोखायचे कसे, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. तात्यासाहेब केळकरांच्या रूपाने तो या शहराने फार जवळून पाहिला आहे.

नरसिंह चिंतामण केळकर यांचा जन्म 1872 मध्ये मोडनिंबला झाला. साताऱ्यात वकिली करणाऱ्या या तरुणाला 1896 मध्ये लोकमान्य टिळकांनी पुण्यात बोलावून घेतले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’चे संपादक, पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष, मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य, हिंदू महासभेचे अध्यक्ष, 1921 च्या बडोदे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि टिळकांचे त्रिखंडी चरित्रकार, एवढा व्याप त्यांनी एका आयुष्यात पेलला.

त्यांच्या राजकारणाचा गाभा सभागृहावरील विश्वासात होता. गांधीजींच्या असहकारातला कायदेमंडळांवरचा बहिष्कार त्यांच्या पचनी पडला नाही. मिळाले ते अधिकार पदरात पाडून घ्यावेत, ते नेटाने राबवावेत आणि उरलेल्यांसाठी सरकारशी भांडावे, ही टिळकांची प्रतियोगी सहकारिता त्यांनी उचलून धरली. 1923 मध्ये ते स्वराज्य पक्षातर्फे निवडून आले. पण अधिकारपदे स्वीकारण्यावरून मतभेद विकोपाला गेले, तेव्हा जयकर आणि मुंजे या पक्षातील सहकाऱ्यांसह त्यांनी वेगळी वाट धरली. देश गांधीजींच्या मागे निघाला होता. तरीही ते आपल्या मतावर ठाम राहिले. पुढे 1937 मध्ये काँग्रेसनेच प्रांतोप्रांती मंत्रिमंडळे बनवली. केळकरांच्या विचारात तथ्य होते, याची ही पावतीच होय.

पण या राजकारणाची मर्यादाही पुण्यातच उघडी पडली. 1924 मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते मंडईत टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पाठोपाठ केशवराव जेधे यांनी महात्मा फुले यांच्या पुतळ्याची मागणी लावून धरली, तेव्हा ‘केसरी’च्या गोटातून तिला कडाडून विरोध झाला. इंग्रजांकडे हक्क मागणाऱ्यांनी आपल्याच शहरातील बहुजनांचा मान नाकारला. हा डाग पुसता येणार नाही. आज तीच मंडई फुल्यांच्या नावाने ओळखली जाते. शहराने तो वाद कोणाच्या बाजूने निकाली काढला, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

परंपरेचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. त्या अभिमानात कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, यावरून राजकारण्याची पारख व्हायला हवी. जपानला हे लागू आहे आणि आपल्यालाही. आज परंपरेचा जयघोष करणारे पुण्यात उदंड आहेत. पण अभ्यास करून सभागृहात बोलण्याची केळकरांची शिस्त दुर्मीळ झाली आहे. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यानंतर महापालिकेचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिला आणि लोकनियुक्त सभागृहाची उणीव फार थोड्यांना बोचली. केळकरांना हे कदापि मानवले नसते. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी त्यांची सभागृहनिष्ठा घ्यावी आणि फुल्यांचा मान नाकारणारी ‘केसरी’च्या गोटाची वृत्ती कायमची सोडावी. पुणेकर मतदारांनीही प्रत्येक उमेदवाराकडे या दोन्ही गोष्टींचा हिशेब मागितला पाहिजे.