जुना गॅस जातो कुठे?

गुहागर-विजापूर रस्ता पाटणमधून जातो आणि या एका रस्त्यावर गाडीच्या एसीची दोन्ही टोकांची परीक्षा होते. पूर्वेला कराड ओलांडून विटा, जत गाठेपर्यंत एप्रिलचं ऊन टपावर असं बसतं की काचा खाली करून उपयोग नसतो. पश्चिमेला कोयनानगरच्या पुढे कुंभार्ली घाट. तिथे जुलैत उकाडा नसतो, पण बाहेर धुकं, पाऊस आणि आत चार माणसांचा श्वास. काच आतून पांढरी होते आणि समोरचा ट्रक दिसेनासा होतो. अशा वेळी एसी लावला की हवेतला दमटपणा कूलिंग कॉइलवर पाणी होऊन निघून जातो आणि काच मोकळी होते. एसी म्हणजे चैन, ही समजूत निदान या घाटात तरी सोडून द्यावी.

तर उन्हाळा लागला की गॅरेजसमोर जुन्या गाड्या उभ्या राहतात. पाटण तालुक्यातली माणसं कित्येक वर्षं मुंबईत राबत आली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. मुंबईकरांबरोबर तिथे वापरलेल्या गाड्याही गावाकडे येतात. सोबत खाऱ्या हवेने गंजलेला कंडेन्सरही येतो, तो मात्र कुणाला दिसत नाही. गॅरेजमधलं संभाषण ठरलेलं असतं. ‘गॅस संपलाय, भरून द्या.’

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटला की कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि केबिनमधली उष्णता घेऊन परत फिरतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलपाशी थोडासा झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी भोक आहे. ते न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या हौदात टँकर रिकामा करणं. फरक एवढाच, की हौदातून गळलेलं पाणी निदान जमिनीत मुरतं.

दुसरा प्रश्न गॅस कोणता, हा. ऐंशीच्या दशकातल्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या गाड्यांचे एसी आर-12 वर चालत. प्रीमियर 118 एनई, कॉन्टेसा, एसी असलेली सुरुवातीची मारुती 800 हे सगळं त्याच जमान्यातलं. हा गॅस 1928 मध्ये थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी शोधला. तो विषारी नाही आणि पेटतही नाही, हे दाखवायला मिजलीने 1930 मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. त्या काळच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत, त्यामुळे लोकांना हा चमत्कार वाटला. पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याची युक्तीही याच गृहस्थाची. एका माणसाने हवेचं दोनदा एवढं नुकसान करावं, असं उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात दुसरं सापडणं कठीण.

मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी 1974 मध्ये सांगितलं, की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगासमोर आलं आणि 16 सप्टेंबर 1987 रोजी माँट्रियल करार झाला. भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला. 2000 साली केंद्राने नियम केले, 2003 पासून नव्या उपकरणांत आर-12 सारखे सीएफसी वायू वापरणं बंद झालं आणि 2008 च्या ऑगस्टपासून, दम्याच्या पंपांसाठीचा अपवाद सोडला, तर देशातलं उत्पादनही थांबलं. त्यामुळे आज कुणी ‘ओरिजिनल बारा नंबर’ देतो म्हणाला, तर तो एकतर जुना साठा असतो किंवा भलतंच मिश्रण.

आर-12 च्या जागी आला आर-134ए. ओझोनला त्याचा त्रास नाही. म्हणून जुन्या गाडीचा एसी नव्या गॅसवर नेणं योग्यच. पण पुष्कळ ठिकाणी या कामाचा अर्थ ‘जुना सोडला, नवा मारला’ एवढाच होतो आणि तिथेच सगळं बिघडतं.

कॉम्प्रेसरला वंगण लागतं आणि ते गॅसबरोबरच नळ्यांतून फिरतं. आर-12 बरोबर खनिज तेल चाले. आर-134ए मध्ये ते तेल विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून राहतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि एके दिवशी जाम होतो. गिऱ्हाईक म्हणतं, नवा गॅस मानवला नाही. मानवलं नव्हतं ते तेल. म्हणून जुनं तेल जमेल तेवढं काढून रूपांतराच्या कामाला सहसा एस्टर तेल घालतात. नव्या गाड्यांतलं पॅग तेल आर-12 च्या उरलेल्या क्लोरीनमुळे खराब होऊ शकतं, शिवाय ते हवेतली ओल फार झपाट्याने शोषतं. कोयनेच्या पावसात पॅगचा डबा उघडा ठेवणाऱ्याने तर त्याची आशाच सोडावी. ड्रायर नवा बसवायचा, कारण जुन्यातले ओल शोषणारे मणी या गॅससाठी बनलेले नाहीत. ओ-रिंगा बदलायच्या. जुन्या रबरी नळ्यांतून नव्या गॅसचा लहान रेणू जास्त झिरपतो, तेव्हा नळ्याही तपासायच्या. मग अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, आणि गॅस मोजून, तोही आधीच्या वजनाच्या ऐंशी-नव्वद टक्केच. शेवटी भरण्याच्या तोंडावर नव्या गॅसचं कनेक्टर आणि बॉनेटखाली चिठ्ठी, म्हणजे पुढचा मेकॅनिक त्यात भलतंच काही ओतणार नाही.

एवढं करूनही एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवी. आर-134ए चा दाब थोडा जास्त राहतो आणि जुना कंडेन्सर आर-12 च्या हिशेबाने बनवलेला असतो. पाटणच्या हवेत फरक कळणार नाही. जतच्या वाटेवर, भर दुपारी, गाडी फाटकापाशी उभी असताना गारवा थोडा कमी वाटेल. मोठा कंडेन्सर किंवा जास्त जोराचा पंखा बसवला तर तोही प्रश्न सुटतो. खर्च वाढतो, आणि जुन्या गाडीवर एवढे पैसे घालायचे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण अर्धं काम करून अर्धे पैसे वाचत नाहीत. कॉम्प्रेसर गेला की ते दामदुप्पट जातात.

आता या लेखाच्या मथळ्यातल्या प्रश्नाकडे. काढलेला गॅस कुठे जातो? बहुतेक वेळा नट सैल केला जातो, फस्स आवाज येतो आणि काम झालं. आर-12 चा एक किलो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 10,900 किलोंना भारी पडतो आणि शंभरेक वर्षं वातावरणात टिकतो. एका गाडीतला 700 ग्रॅम गॅस सोडला, की साडेसात टनांचा हिशेब झाला. आर-134ए ओझोनला निरुपद्रवी असला, तरी तापमानवाढीच्या बाबतीत साधू नाही; त्याचा आकडा 1,430 धरला जातो. छोट्या गाडीतला अर्धा किलो हवेत गेला, तर ते साधारण 300 लिटर पेट्रोल जाळण्याइतकं होतं. एवढ्या पेट्रोलमध्ये तीच गाडी पाटण-कराड अंतर शंभराहून जास्त वेळा तोडेल. आणि जो दर उन्हाळ्याला गळका एसी भरून घेतो, तो दरवर्षी हे करतो. ज्या तालुक्याने कोयना धरणाची वीज दिली, ज्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, तिथल्या गॅरेजात हा आवाज रोज यावा, हे खटकणारं आहे.

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. पीयूसी धूर तपासते. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीला गेलं, की दिवे, ब्रेक, चॅसी नंबर पाहतात. एसीत काय आहे, ते कुणीच विचारत नाही. गॅस ओढून सिलिंडरमध्ये परत घेणारं रिकव्हरी मशीन असतं, पण वर्षातून तीन महिने एसीचं काम करणाऱ्या तालुक्याच्या गॅरेजला ते विकत घेणं परवडत नाही. मग सोपा मार्ग उरतो.

त्याहून सोपा आणि घातक मार्ग म्हणजे घरगुती सिलिंडरमधला एलपीजी एसीत भरणं. तो थंड करतो, हे खरं. अगदी छान थंड करतो, म्हणूनच मोह होतो. हायड्रोकार्बनवर एसी चालवता येतो याचा पुरावा सातारा जिल्ह्यातच आहे: गोदरेजने शिरवळच्या कारखान्यात प्रोपेनवर, म्हणजे आर-290 वर चालणारे घरगुती एसी बनवले आणि 2012 मध्ये बाजारात आणले. पण ती यंत्रं पहिल्यापासून त्या गॅससाठी घडवलेली. गॅसचं वजन नेमकं, विजेच्या जोडण्या ठिणगीपासून सुरक्षित. गाडीत कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे असते. ती गळली, तर पेटणारा वायू थेट माणसांच्या केबिनमध्ये येतो. शिरवळचं उदाहरण देऊन वाठारच्या रस्त्यावर एलपीजी भरून घेणाऱ्याला हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

युरोपने पुढचं पाऊल टाकलं आहे. तिथे 2017 पासून नव्या मोटारींत आर-134ए चालत नाही. त्याच्या जागी मुख्यतः आर-1234वायएफ आला. त्याचा तापमानवाढीचा आकडा नगण्य आहे. तो सौम्य ज्वलनशील आहे, महागही आहे, आणि हवेत मोडल्यावर त्यातून तयार होणाऱ्या अॅसिडवरून नवा वाद सुरू आहे. आपल्याकडच्या आर-134ए वाल्या गाडीत तो हौसेने भरण्यात काही अर्थ नाही. ज्याच्या गाडीत आर-134ए आहे, त्याने गळती बुजवावी, तेवढं पुरे.

गळती बुजवण्याची घाई आणखी एका कारणासाठी आहे. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारताने 2028 मध्ये एचएफसी, म्हणजे आर-134ए च्या गटातल्या वायूंचा वापर गोठवायचं आणि 2032 पासून टप्प्याटप्प्याने कमी करत 2047 पर्यंत 85 टक्के घटवायचं मान्य केलं आहे. पुरवठा आवळला, की काय होतं ते युरोपात 2018 च्या सुमारास दिसलं: भाव भडकले आणि चोरटा माल आला. नकली आर-134ए किती वाईट असतो, याचंही उदाहरण आहे. 2011 मध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ झालेल्या गॅसमुळे जहाजांवरच्या शीत कंटेनरांचे स्फोट झाले आणि माणसं दगावली. भेसळीचा वायू कॉम्प्रेसरमधल्या अॅल्युमिनियमशी अभिक्रिया करून हवेत आपोआप पेटणारा पदार्थ तयार करतो. ज्या गॅरेजकडे गॅस तपासायचं साधन नाही, तिथे असा सिलिंडर कधीही येऊ शकतो.

उपाय फार मोठा नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड शिकवला जातो. तालुक्यात एक रिकव्हरी मशीन आणि गॅस ओळखणारं एक यंत्र तिथे ठेवावं, गॅरेजवाल्यांना ते भाड्याने मिळावं, आणि गोळा झालेला गॅस कंपन्यांनी परत घ्यावा. फेरनोंदणीच्या अर्जात एसीतल्या गॅसची एक ओळ वाढवली, तर आरटीओवर काही ओझं पडत नाही. तोवर गिऱ्हाइकाने गॅरेजवाल्याकडे बिलावर एवढं तरी लिहून मागावं: किती गॅस काढून घेतला, गळती कुठे सापडली, तेल कोणतं घातलं आणि किती ग्रॅम भरला.