वहीत न आलेले शंभर रुपये



या सदरात मी घरातल्या लहानसहान गोष्टी लिहितो. पोरांचा अभ्यास, नळाची वेळ, वह्या-दप्तरांचा खर्च. आजची गोष्टही तशी शंभर रुपयांचीच आहे. पण ती लिहावी की नको या विचारात काही आठवडे गेले. शेवटी मुलांची आई म्हणाली, "दुसऱ्यांच्या घरातलं लिहिता, तसं एकदा आपल्या घरातलंही लिहा की." म्हणून लिहायला बसलो.

आमचे घर कल्याण पूर्वेला, चाळीतली एक खोली आणि वर पोटमाळा. थोरला चौथीत, धाकटा पहिलीत. पहाटे साडेपाचला पाणी येते आणि पाऊण तासात जाते. तेवढ्यात पिंप भरायचे, दोघांच्या आंघोळी उरकायच्या. धाकटा आंघोळीला जात नाही आणि गेला की बाहेर येत नाही. थोरल्याचा एक बूट रोज सापडत नाही, कारण तो धाकट्याने लपवलेला असतो. पेन्सिल एकच असते आणि ती दोघांचीही असते. हा सगळा गोंधळ मागे टाकून मी सव्वासातची लोकल गाठतो, आणि खरे सांगायचे तर गाडीत उभे राहायला जागा मिळाली की हायसे वाटते. दिवसभर तो गोंधळ मुलांची आई सांभाळते. शिवाय साड्यांना फॉल-बिडिंग करून चार पैसे मिळवते.

हे पैसे रोखीत येतात. हल्ली भाजीवालाही फोनवरून पैसे घेतो, पण दूध, दळण, पोरांचा खाऊ यासाठी आमच्या घरात अजून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे. त्या डब्याची रोजकीर्द मी लिहितो. बी. कॉम. झाल्याचा घराला झालेला एवढाच फायदा, असे मुलांची आई चारचौघांत सांगते. दर शनिवारी रात्री मी डब्यातली रक्कम मोजून वहीशी ताळा घालतो.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. कारकुनाला मार्चअखेर म्हणजे काय ते कारकुनाच्या घरच्यांना ठाऊक असते. आठवडाभर रात्री नऊच्या आत घरी आलो नव्हतो. शनिवारी वही उघडली. वहीप्रमाणे डब्यात १,३४० रुपये हवे होते. निघाले १,२४०. पुन्हा मोजले. १,२४०च.

मुलांची आई साड्या पोचवायला गेली होती. थोरला दारात रबरी चेंडू आपटत बसला होता. चेंडू नवा होता. दोनच दिवसांपूर्वी त्याने चेंडूसाठी तीस रुपये मागितले होते आणि मी नाही म्हटले होते. माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले.

"डब्यातले पैसे घेतलेस?"

"नाही, पप्पा."

"खरं सांग."

"नाही घेतले."

मी एक लगावली. मग तोच प्रश्न. तेच उत्तर. दुसरी लगावली. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा तो म्हणाला, "घेतले." मी विचारले, काय केलेस? म्हणाला, चेंडू आणला. बाकीचे? म्हणाला, "हरवले." धाकटा पिंपाच्या मागे जाऊन बसला होता. मला वाटले, झाले, सत्य बाहेर आले. वहीत थोरल्याच्या नावाने शंभर रुपये लिहून मी शिल्लक जुळवली आणि जेवायला बसलो.

मुलांची आई आली. पोराच्या गालाकडे पाहिले. एवढेच विचारले, "घेताना तुम्ही बघितलं का?" मी म्हणालो, "त्यानं स्वतः कबूल केलंय." ती पुढे काही बोलली नाही. थोरला भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग असतो आणि तो मीच घेतो. मी मुद्दाम राहुलाची गोष्ट सांगायला घेतली. मज्झिम निकायात अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि राहुलाला दाखवले. मग ते पाणी टाकून दिले. भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण असे थोडके, असे फेकलेले, असे पालथे, असे रिकामे. राजस्थानात बैराटला सापडलेल्या सम्राट अशोकाच्या शिलालेखात, भिक्खूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत अशा उपदेशांची नावे आहेत, त्यात राहुलाला खोटेपणाविषयी केलेला हा उपदेश आहे. मी तांब्या घेऊन सगळे करून दाखवले. बोलताना माझी नजर थोरल्यावर होती. तो खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत होता. मला वाटले, लागले मनाला.

बुधवारी पहाटे मुलांच्या आईने माझा सदरा धुवायला घेतला. खिसे तपासायची तिची सवय. एक घडी केलेला कागद निघाला. तिने तो माझ्यापुढे ठेवला आणि नळावर निघून गेली. जयंती मंडळाची वर्गणीची पावती. रुपये शंभर फक्त. तारीख शुक्रवारची.

आठवले. शुक्रवारी रात्री चाळीच्या तोंडाशी मंडळाची पोरे उभी होती. माझ्याकडे पाचशेची नोट होती, सुटे नव्हते. "थांबा, आणतो" म्हणून वर आलो, बूट न काढता डब्यातून शंभर काढले, खाली जाऊन दिले आणि पावती खिशात घातली. ते पावतीपुस्तक मीच छापून आणले होते. दोन वर्षे मंडळाचा खजिनदार होतो. पावतीशिवाय एक रुपया घ्यायचा नाही आणि नोंदीशिवाय द्यायचा नाही, हा नियमही माझाच.

त्या दिवशी लोकलमध्ये मी दुसरे काही विचारात घेऊ शकलो नाही. कॉलेजात आम्हाला शिकवले आहे की तेरीज जुळली नाही तर आधी बेरजा तपासा. मग फरकाला नऊने भाग जातो का पाहा. जात असेल तर आकडे मागेपुढे लिहिले गेले असतील. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा. जमेची रक्कम नावे पडली असेल. एवढे करूनही सापडले नाही, तर फरक सस्पेन्स खात्यात टाका आणि शोधत राहा. जुने मुनीम त्याला उचंत खाते म्हणत. फरक सापडत नाही म्हणून तो एखाद्या माणसाच्या नावे टाकून मोकळे व्हायचे, असे कुठल्याही पुस्तकात नाही. ऑफिसात मी असे केले असते तर साहेबांनी मेमो दिला असता. घरात साहेब मीच.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाळेत शिक्षकाने मुलाला पट्टीने मारले होते. आम्ही कार्यकर्ते निवेदन घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. निवेदन मी टाइप केले होते. शिक्षणाचा हक्क कायदा २००९, कलम १७ : कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा देता येणार नाही, मानसिक छळ करता येणार नाही. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू. हे सगळे मला पाठ होते. थोरला तेव्हा माझे बोट धरून आला होता. कलम १७ शाळेपुरते आहे हे खरे. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७५ आहे, आणि मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच मारहाण करून मुलाला विनाकारण त्रास दिला तर तो गुन्हा ठरतो. तेही मी एका शिबिरात वाचून दाखवले होते. वाचून दाखवताना मनात दुसऱ्यांची घरे होती.

आपल्या वस्तीत या विषयावर बोलले की एक उत्तर ठरलेले असते : आम्हीही बापाचा मार खाऊनच माणसात आलो. मीही हेच म्हणत असे. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा त्यांना दिसली नाही. पुढे रखवालदारी केली. ते आम्हाला मारत. वाईट मार्कांसाठी मारत, तशी भाकरी सांडली म्हणूनही मारत. आज हिशेब केला तर मार पडला ते दिवस बहुतेक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातले निघतील. त्यांना दोष देत नाही. पण त्या माराने मी शिकलो असे जे मी सांगत आलो, ते तपासून पाहिले तर मी एकच गोष्ट शिकलो होतो. बापाचा पाय उंबऱ्यात कसा पडतो यावरून त्यांचा राग ओळखायचा आणि ऐकायला हवे असेल ते बोलून टाकायचे. शनिवारी माझ्या पोराने तेच केले.

संध्याकाळी स्टेशनबाहेर प्लास्टिकची बॅट पाहिली आणि फोन केला. मुलांची आई म्हणाली, "बॅट आणू नका. आधी बोला. नाही तर त्याला वाटेल, मार खाल्ला की बॅट मिळते." बॅट आणली नाही.

घरी आल्यावर वही, पावती आणि थोरला, तिघांना समोर घेतले. धाकटा मध्ये घुसलाच. त्याच्या नावावर लिहिलेली ओळ मी त्याच्यासमोर खोडली, खाली "जयंती वर्गणी १००" असे लिहिले आणि म्हणालो, "पैसे मीच घेतले होते. विसरलो. तू खरं बोलत होतास आणि मी तुला मारलं. माझं चुकलं."

लेखात हे दोन ओळींत मावते. प्रत्यक्षात घसा कोरडा पडला होता. स्वतःच्या पोराला चुकलो म्हणणे आमच्या सात पिढ्यांत कोणाला जमले असेल असे वाटत नाही.

चेंडू कोणाचा, ते मी तेव्हा विचारले. शेजारच्या पोराचा. तो गावी गेला होता, याच्याकडे सांभाळायला देऊन.

"मग घेतले असं का म्हणालास?"

"तुम्ही थांबतच नव्हता."

थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "पप्पा, मी घेतले म्हणालो, ते खोटं झालं ना? तांब्यातल्या पाण्यासारखं?"

मला उत्तर देता आले नाही. मुलांची आई पुढे झाली. म्हणाली, "ते खोटं तुझं नाही, पप्पांच्या हाताचं." धाकट्याला वेगळीच काळजी होती. "मग आता पप्पांना कोण मारणार?" त्यावर थोरला हसला. चार दिवसांत पहिल्यांदा.

हसला म्हणजे मिटले असे मी धरले नाही, आणि ते बरोबरच होते. पुढच्या आठवड्यात शाळेतून आल्यावर त्याने सहज विचारले, "शाळेच्या भिंतीवर १०९८ लिहिलंय, तो नंबर घरासाठी पण असतो का?" मी म्हणालो, असतो. मोफत आहे, चोवीस तास चालतो. १९९६ साली मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेने तो सुरू केला. संस्था आणि साल मी उगाच सांगितले. त्याला फक्त पहिला शब्द हवा होता.

धाकट्याचे निराळेच. काही पडले, फुटले की कोणी विचारायच्या आत तो "मी नाही" म्हणतो. मांजराने दूध सांडले तरी "मी नाही." आणि परवा मी पंख्याचे बटण दाबायला हात वर केला, तर बाजूला उभ्या थोरल्याची मान खांद्यात गेली. त्याच्याही लक्षात आले, माझ्याही. दोघांनी काही दाखवले नाही. बटण दाबून मी खाली बसलो. मुलांच्या आईने जेवायला वाढले.

रविवारच्या वर्गात मी राहुलाची गोष्ट पुन्हा घेतली, कारण पहिल्या वेळी अर्धीच सांगितली होती. पुढे त्यात आरसा आहे. कोणतीही कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर, तिने स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख होते का हे पाहावे, असे भगवंत राहुलाला सांगतात. तांब्या दाखवायला सोपा, म्हणून आम्ही शिकवणारे तिथेच थांबतो. शंभर रुपयांची हकिगत मी मुलांना सांगितली, पोराचे नाव न घेता. सगळ्यांना नाव कळले अर्थात.

आता डब्याची वही थोरला लिहितो. अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. शनिवारी आम्ही दोघे मोजतो आणि धाकटा नाणी रचतो, त्यामुळे दुप्पट वेळ लागतो. वहीच्या शेवटच्या पानावर एक उचंत खाते उघडले आहे. मागच्या शनिवारी दहा रुपये कमी आले. मी काही बोललो नाही. धाकट्याने लगेच "मी नाही" म्हटले. थोरल्याने बेरीज दोनदा केली, आईला विचारले, मला विचारले, माझा खिसा तपासला आणि मग शेवटच्या पानावर दहा रुपये लिहून ठेवले. अजून सापडलेले नाहीत.