विद्यापीठाचा पैस राखायला हवा

पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत पसरलेली माळराने म्हणजे पूर्वीचे जंगल तुटल्याची खूण, ही समजूत इंग्रजी अमदानीपासून आपल्याकडे घट्ट बसली आहे. सरकारी दप्तरात अशा जमिनीची गणना बहुधा पडीक म्हणून होते आणि मग तिथे एकतर वृक्षलागवडीची मोहीम पोचते, नाहीतर एखादा प्रकल्प. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने या समजुतीलाच धक्का दिला. मिशिगन स्टेट विद्यापीठातील आशिष नेर्लेकर, पुण्याच्या ‘आयसर’मधील दिग्विजय पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरावा शोधला तो जुन्या मराठी वाङ्मयात. लोकगीते, संतचरित्रे, आख्यायिका यांत आलेले झाडाझुडपांचे उल्लेख त्यांनी गोळा केले. त्यांतून ४४ रानवनस्पतींची ओळख पटली आणि त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश वनस्पती दाट जंगलातल्या नव्हे, तर मोकळ्या, उन्हाच्या, गवताळ प्रदेशातल्या निघाल्या. पंढरपूरला कान्होपात्रेच्या समाधीशी परंपरेने जोडलेली तरटी ही त्यांतलीच एक, माळावर तगणारी काटेरी वनस्पती. भाविकांनी श्रद्धेने जपलेली कथा अशी परिसरशास्त्राच्या कामी आली. ही माळराने निदान साडेसातशे वर्षे जुनी आहेत, हा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. तो मानला, तर त्यांच्यावर सरसकट झाडे लावणे म्हणजे निसर्गाची दुरुस्ती नव्हे, मोडतोड ठरते.

असा निष्कर्ष काढायला काय काय हाताशी असावे लागते, याचा विचार विद्यापीठांचे धोरण ठरवणाऱ्यांनी करायला हवा. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या ग्रंथात आलेले झाड आज ओळखायचे, तर आधी त्या ग्रंथाची विश्वासार्ह संहिता हवी. ‘लीळाचरित्रा’च्या पोथ्या ताडून ते संपादन करण्यात वि. भि. कोलते यांनी वर्षानुवर्षे घालवली. जुन्या मराठीचा कोश हवा, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी तो सिद्ध केला आणि १९९९ मध्ये तो प्रकाशात आला. झाडांची स्थानिक नावे आणि शास्त्रीय नावे यांची सांगड घालणाऱ्या वनस्पतिसूची हव्यात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची सूची १९०१ ते १९०८ या काळात खंडशः प्रसिद्ध केली. यांतल्या कोणाच्याही मनात माळरान वाचवण्याचा विचार नव्हता. अनुदानाच्या अर्जात ‘या संशोधनाचा समाजाला उपयोग’ अशी चौकट त्यांना भरायला लावली असती, तर कोलते यांना गवताचे नाव सुचले नसते आणि कुक यांना कान्होपात्रेचे.

विद्यापीठात इतक्या परस्परांपासून दूरच्या विषयांवर संशोधन का चालावे, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. कोणत्या विद्याशाखेचे काम कोणत्या प्रश्नाला, किती वर्षांनी लागू पडेल, हे आधी सांगता येत नाही. प्रश्न विभागांच्या भिंती पाळत नाहीत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी ते पुरातत्त्वाचे काम म्हणून हाती घेतले खरे, पण जळालेले धान्य ओळखायला वनस्पतितज्ज्ञ लागले, जनावरांची हाडे वाचायला प्राणिशास्त्राचे जाणकार लागले, घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली मुलांची हाडे आणि दात तपासायला मानवशास्त्रज्ञ लागले. चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या का आल्या, याचे ‘पाऊस घटला, शेती कोलमडली’ हे ढवळीकरांचे उत्तर या सगळ्यांच्या आधारावर उभे राहिले. पुढे हाडांच्याच नव्या अभ्यासातून त्या उत्तरावर शंका घेतली गेली, तीही मोलाचीच. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका गावाबद्दलचा हा वाद दुष्काळाशी झगडणाऱ्या महाराष्ट्राला परका नाही.

आजची दिशा मात्र उलटी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० पासून बहुविद्याशाखीय हा शब्द घरोघरी पोचवला, पण राज्यातल्या विद्यापीठांत विभागच तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या भरवशावर चालले आहेत. तासाच्या मोबदल्यावर राबणाऱ्या माणसाकडून दहा वर्षांच्या संशोधनाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. चीन दोन टक्क्यांच्या पुढे आहे, दक्षिण कोरिया चारच्या. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा संकल्प सोडला गेला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा आहे आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांना त्यात जागा आहे ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जिथे संबंध येतो तेवढ्यापुरती. जुन्या पोथीच्या संपादनाचा तंत्रज्ञानाशी संबंध काय, असे १९७० साली कोणी विचारले असते, तर संपादकाला उत्तर देता आले नसते. ते उत्तर मिळायला मध्ये अर्धे शतक जावे लागले.

गरीब देशाने आधी उपयुक्त संशोधनावर खर्च करावा, हा आक्षेप जुना आहे आणि तो प्रामाणिक माणसेही घेतात. कर्करोगाचे औषध, दुष्काळ सोसणारे वाण, स्वस्त बॅटरी यांवर पैसा हवाच. तो कमी करा असे कोणी म्हणत नाही. पण मोडी वाचणारे चार अभ्यासक, गवतांच्या जाती ओळखणारा एक वर्गीकरणतज्ज्ञ, पाली शिकवणारा एक विभाग यांचा वार्षिक खर्च एखाद्या मोठ्या उपकरणाच्या देखभालीहून जास्त नसतो. त्यांना बंद करून वाचणारी रक्कम नगण्य, आणि बंद पडलेली विद्या पुन्हा उभी करायला एक पिढीही पुरत नाही. डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशावर तर हा आक्षेप नेहमीच येतो: काम १९४८ मध्ये सुरू झाले, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला, आणि पस्तीसच्या आसपास भाग होऊनही कोश पहिल्या अक्षरातच आहे. संथपणाची ही तक्रार रास्त आहे. मात्र सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या, कोटीच्या घरातल्या त्या चिठ्ठ्यांत वैद्यक, गणित, स्थापत्य, धर्मशास्त्र अशा कितीतरी शास्त्रांतला शब्द त्याच्या काळासह नोंदलेला आहे. हे काम सोडण्याचे कारण यातून निघत नाही. माणसे वाढवण्याचे निघते.

दुसरा आक्षेप अधिक झोंबणारा आहे: विद्यापीठांतले बरेचसे संशोधन निकृष्ट आहे, मग त्याचा विस्तार कशाला? निकृष्टता नाकारण्यात अर्थ नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली १,००९ नियतकालिके तपासली, तेव्हा त्यांतली ८८ टक्के दर्जाच्या कसोटीला उतरली नाहीत. २०१८ मध्ये आयोगाने चार हजारांहून अधिक नियतकालिके यादीतून काढली. ही कीड बढतीसाठी निबंध मोजण्याच्या पद्धतीने पोसली. विषयांची संख्या कमी केल्याने ती जाणार नाही, कारण ज्या विषयात पैसा आणि पदे जास्त, तिथेही ती तेवढीच फोफावते. इलाज आहे तो दोन-चार वर्षांत निबंधांचा ढीग मागण्याऐवजी दहा वर्षांतले एक भक्कम काम वाचून पारखण्याचा, आणि त्यासाठी वाचणारे परीक्षक नेमण्याचा.

विस्तार म्हणजे विषयांची सरमिसळ, असाही एक गैरसमज धोरणकर्त्यांत दिसतो. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला संगीताचे दोन श्रेयांक दिले की बहुविद्याशाखीयता साधत नाही. तरटी ओळखणारा माणूस पक्का वनस्पतितज्ज्ञ हवा आणि ओवीचा काळ ठरवणारा पक्का वाङ्मयाभ्यासक. दोघेही आपापल्या विषयात कच्चे असतील, तर त्यांच्या एकत्र येण्यातून फक्त परिसंवाद निघेल.

राज्य सरकारला यासाठी नवे धोरण आखावे लागणार नाही. रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत आणि ज्या विभागांत विद्यार्थी कमी आहेत त्यांची पदे पटसंख्येच्या निकषातून वगळावीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. दुष्काळ, अतिवृष्टी आणि सारामाफी यांच्या नोंदी त्यांत आहेत, आणि हवामानाच्या अभ्यासकांना त्या हव्या आहेत. ते वाचू शकणाऱ्या माणसांची किमान एक तुकडी दर वर्षी विद्यापीठांतून शिष्यवृत्तीसह तयार व्हावी. केंद्राकडे राज्याने आग्रह धरावा तो प्रतिष्ठानाच्या निधीतला एक ठरावीक हिस्सा मानव्यविद्यांना विनाअट मिळावा, असा. येत्या अर्थसंकल्पात यांतली पहिली दोन कामे राज्याला स्वतःच्या बळावर करता येतील.