सेलवालं टाकून देऊ का, साहेब?

जुन्या घड्याळाचं यंत्र उपसून तिथे सेलवालं मशीन बसवणं हा माझ्या मते गुन्हा आहे. कायद्याने नसेल, पण आहे. आणि तो चोर-दरोडेखोर करत नाहीत. तुमच्या-माझ्यासारखे आयटीवाले करवून घेतात, वर पैसे मोजून.

मी बोलतोय चारशे दिवसांच्या घड्याळांबद्दल. काचेचा घुमट, आत पितळी खांब, खाली बहुधा चार गोळ्यांचा लंबक. तो झुलत नाही, स्वतःभोवती फिरतो. एकदा इकडे, एकदा तिकडे. जुईनगरच्या माझ्या वन-बीएचकेत अशी तीन आहेत (बायकोच्या मते तीन जास्त). 1841 मध्ये अमेरिकेत ॲरन क्रेनने अशा लंबकाचं पेटंट घेतलं होतं, पण घराघरांत ही घड्याळं पोचवली जर्मनांनी. 1880 च्या सुमारास अँटन हार्डर, मग ट्रायबर्गचे शाट्स, सांक्ट गेऑर्गनचे कुंडो. चावी वर्षातून एकदाच, म्हणून नाव ॲनिव्हर्सरी क्लॉक.

तर मुद्दा असा, की तो अख्खा लंबक लटकतो जेमतेम 0.1 मिमी जाडीच्या एका धातूच्या पट्टीवर. पट्टी पिळते, उलगडते. नेहमीच्या मॉडेलमध्ये मिनिटाला आठ ठोके. वेळ ठरवते ती ही पट्टीच. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे पट्टी फक्त दहा टक्के जाड घेतली तर घड्याळ तासाला सुमारे नऊ मिनिटं पुढे! (गणित करून बघा.)

सेलवाल्यातही लंबक फिरतो, पण वेळेशी त्याचा काडीचा संबंध नसतो. प्रोग्रेस बार सरकतोय, इन्स्टॉल काहीच होत नाहीये :)

माझ्या एका मित्राला दुकानदार म्हणाला, "साहेब, मशीन गेलंय, सेलवालं टाकून देतो, कटकटच नको." नशीब, तो आधी माझ्याकडे आला. यंत्र ठणठणीत होतं. ठोका पडल्यावर लंबक दोन्ही बाजूंना सारखाच पुढे जावा लागतो, तो एकीकडे कमी जात होता. पट्टी वर जिथे अडकवतात तो तुकडा केसभर वळवला, झालं. ऑफिसातल्या दुसऱ्याचं नशीब एवढं नव्हतं. त्याच्या आजोबांच्या घड्याळाचं यंत्र पितळ म्हणून किलोवर गेलं.

"मग काय बंद ठेवायचं?" हो, ठेवा ना! बंद घड्याळ दहा वर्षांनी कुणीतरी दुरुस्त करेल. भंगारात गेलेलं कोण करणार?

ही घड्याळं आठवड्याला काही मिनिटं इकडेतिकडे होतात, मान्य. हार्बरची लोकल पकडायला मोबाईल आहे की. पण बिघडतात ती बहुतेक आपल्याच हातांनी. दिवाळीच्या साफसफाईत लंबक लॉक न करता घड्याळ उचललं, की पट्टीला मुरड पडलीच. नंतर परत ठेवायचं डुगडुगत्या फळीवर. मग दोष यंत्राचा.

स्वतः खोलणार असाल तर आधी मुख्य स्प्रिंगचा ताण उतरवा, नाहीतर बोटं जातील. दुकानात देणार असाल तर विचारा, पट्टी किती जाडीची टाकणार. उत्तरादाखल "सेम टू सेम" ऐकू आलं तर घड्याळ उचला आणि घरी या. (लंबक लॉक करून.)