परतीचं तिकीट

दोस्तांनो, मॉरिशसच्या आपल्या सहलीचा आज शेवटचा दिवस बरं का! समुद्रात डुंबून झालं, शामारेलची रंगीबेरंगी माती बघून झाली. विमान रात्रीचं आहे. म्हणजे "चला बाजारात!" असं आई म्हणणारच. जाऊ की! राजधानी पोर्ट लुईसच्या बाजारात आधी गरमागरम ढोल पुरी खाऊ. नाव पुरी, पण ती तळत नाहीत. आत डाळीचं सारण असतं. दिसायला थेट आपली पुरणपोळी, फक्त गोड नाही!

ही पुरी इथे आली कशी? त्याचं उत्तर बंदरावर आहे. बाजारातून चालत गेलात की आप्रवासी घाट लागतो. राजवाडा नाही, तोफा नाहीत. जुन्या दगडी इमारतींचे अवशेष आणि सोळा पायऱ्या, एवढंच. तरी 'युनेस्को'नं २००६ साली या जागेला जागतिक वारसा ठरवलं.

झालं असं, की १८३५ साली मॉरिशसमधली गुलामगिरी संपणार होती. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. इंग्रज सरकारनं ते भारतातून आणायचं ठरवलं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कोलकात्याहून 'ॲटलस' नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन इथे पोचलं. पुढे १८४९ मध्ये हा तळ उभा राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत भारतातून जवळजवळ पाच लाख माणसं इथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणातली माणसंही होती.

करार पाच वर्षांचा. पगार महिन्याला साधारण पाच रुपये. एक दिवस कामाला गेलं नाही, तर दोन दिवसांचा पगार कापायचे! परत जायचं म्हटलं, तर जहाजाचं भाडं कुठून आणणार? सरकार सुरुवातीला ते देत असे. १८५० च्या दशकात तेही बंद झालं. आपल्या सहलीला शेवटचा दिवस आहे, कारण खिशात परतीचं तिकीट आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचा तो दिवस कधी उजाडलाच नाही.

मग ती माणसं रडत बसली का? छे! त्यांनी ऊस तोडला, पै पै साठवली, जमिनी घेतल्या, मुलांना शिकवलं. अशाच एका मजुराचा मुलगा, सर शिवसागर रामगुलाम, १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र मॉरिशसचा पहिला पंतप्रधान झाला. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठीही शिकता येते.

मजुरांच्या नोंदवह्या तिथल्या मोका गावी, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला. नाव, वय, गाव, बोटीचं नाव असं सगळं लिहिलेलं. काहींचे फोटोसुद्धा आहेत. त्यांची पतवंडं तिथे जाऊन आपलं मूळ गाव शोधतात.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या घरातून गाव सोडून पहिल्यांदा बाहेर कोण पडलं? मुंबईच्या गिरणीत, सैन्यात, की थेट परदेशात? आजी-आजोबांना विचारा. नाव, गाव, साल वहीत लिहून ठेवा. आपल्याकडची नोंदवही आपल्यालाच लिहावी लागते!