छोटी चीर ही चैन नव्हे

मांडीचे हाड मोडल्यावर ‘छोट्या चिरेचे ऑपरेशन’ म्हणजे पैसेवाल्यांची सोय, असे अनेकांना वाटते. मला नेमके उलटे वाटते. या शस्त्रक्रियेची खरी गरज हातावर पोट असणाऱ्याला आहे. म्हणून नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरच्या विलासराव देशमुख या दोन्ही शासकीय रुग्णालयांत ती रात्री-अपरात्रीही मिळालीच पाहिजे. या शस्त्रक्रियेत मोडलेली जागा उघडतच नाहीत. पाय ताणून हाड रेषेत आणतात, खुब्याच्या वर छोटी चीर देऊन हाडाच्या पोकळीत तार सरकवतात. ती एका तुकड्यातून दुसऱ्यात शिरताना सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर दिसते. मग तारेवरून पोकळ रॉड जातो आणि दोन्ही टोकांना आडवे स्क्रू बसतात. व्रण लहान राहतो ही किरकोळ बाब. मोडलेल्या जागी साकळलेल्या रक्तातून नवे हाड धरू लागते. ते रक्त उपसले गेले नाही, हाडावरचे आवरण खरवडले गेले नाही, की हाड चांगले जुळते आणि पू होण्याची भीती घटते. सिॲटलच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये अशा ५२० मोडींची नोंद प्रसिद्ध केली: ९९ टक्के हाडे जुळली, जंतुसंसर्ग एक टक्क्याच्याही आत. माणूस लवकर उभा राहतो, मजुरी कमी बुडते.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. सरकारी आरोग्य विमा योजनेच्या २०१२ च्या पहिल्या टप्प्यातच नांदेड जिल्हा होता. आज तीच महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. गाडी अडते ती माणसांपाशी. सी-आर्म आहे, पण रात्री तंत्रज्ञ नाही किंवा भूलतज्ज्ञ नाही, तर रुग्ण पायाला वजन लावून पडून राहतो. मांडीच्या एका मोडीत लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत साचू शकते, मज्जेतली चरबी रक्तात उतरून फुप्फुसांवर बेतू शकते. अस्थिरोगतज्ज्ञांचा आक्षेप मात्र रास्त आहे: काही हाडे न उघडता रेषेत येत नाहीत. तिथे खुशाल उघडावे. हट्टापायी हाड फिरलेल्या स्थितीत जुळले तर रुग्ण जन्मभर लंगडेल. क्ष-किरणांचा धोकाही खराच, त्याला शिशाचा ॲप्रन आणि सरावलेला हात हवा. असा हात रोज काम करूनच तयार होतो, आणि तुळजापूर-लातूर-नांदेड महामार्गावर अपघातांना तोटा नाही. म्हणून दोन्ही रुग्णालयांनी दरमहा फलकावर लिहावे: मांडी मोडलेला रुग्ण दाखल झाल्यापासून टेबलावर जाईपर्यंत किती तास गेले, आणि रात्री किंवा रविवारी आलेल्याला किती.